काळ्या मातीतलं फ्रिस्को

डॅलसहून सरळ उत्तरेला निघालं की पंचवीस-तीस मैलांवर फ्रिस्को लागतं. ‘लागतं’ हा शब्द मी गावाकडच्या सवयीने लिहिला. परभणीहून जिंतूरला जाताना मध्ये रान असतं, मग वेस येते, मारुतीचं देऊळ दिसतं, पाण्याची टाकी दिसते. गाव लागल्याचं कळतं. इथे डॅलस संपल्याचं कळत नाही, प्लेनो सुरू झाल्याचं कळत नाही, आणि फ्रिस्को आलं हे टोलरोडवरची पाटी सांगते म्हणून समजायचं.

मराठी शाळेत रविवारी माझ्याकडे नऊ ते अकरा वर्षांची मुलं असतात. मागच्या वर्षी त्यांना ‘दोन गावं’ असा प्रकल्प दिला होता. एक गाव आजी-आजोबांचं, एक स्वतःचं. पहिला रकाना मुलांनी छान भरला. साताऱ्याचा अजिंक्यतारा आला, अकोल्याचा उन्हाळा आला, इंदूरची सराफा गल्ली आली. (आजीला फोन करून लिहिलंय हे अक्षरागणिक कळत होतं, पण तेच तर हवं होतं.) दुसऱ्या रकान्यात एका मुलाने लिहिलं, ‘फ्रिस्को. मॉल, द स्टार, कॉस्टको. इतिहास: नाही.’ वर्गातल्या चौदांपैकी अकरा जणांचं थोड्याफार फरकाने हेच उत्तर होतं.

मी परभणीच्या एका शाळेत सहा वर्षं आठवी-नववीला भूगोल शिकवला आहे. एम.ए.ही भूगोलातच. ‘इतिहास: नाही’ असं उत्तर कोणी दिलं की आमच्यासारख्यांचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पण मुलांचं काय चुकलं? त्यांच्या आई-वडिलांना विचारलं असतं तरी हेच ऐकायला मिळालं असतं. आपण सगळे इथे आलो तेव्हा घरं नवी, रस्ते नवे, शाळा नव्या. आमच्या सबडिव्हिजनमधली झाडंसुद्धा माझ्या लग्नाच्या वयाची.

आकडे पाहा. १९९० च्या जनगणनेत फ्रिस्कोत सहा हजारांच्या आसपास माणसं होती. २००० साली ३३,७१४ झाली, २०१० साली १,१६,९८९ आणि २०२० साली २,००,५०९. २०१७ साली तर पन्नास हजारांवरच्या शहरांमध्ये अमेरिकेत सर्वांत वेगाने वाढणारं शहर म्हणून फ्रिस्कोचा पहिला नंबर आला होता. आम्ही त्याच वर्षी आलो. म्हणजे त्या आकड्यात दोन माणसं आमच्या घरची.

वाढीची गंमतही आहे. आपली मुलं ज्या सार्वजनिक वाचनालयात शनिवारची दुपार काढतात, ती इमारत मुळात रॉकेट बनवण्यासाठी बांधली होती. बील एरोस्पेस नावाची कंपनी होती, ती २००० साली बंद पडली. त्याच उंच शेडमध्ये २०२३ पासून वाचनालय आहे. द स्टार हे डॅलस काउबॉइजचं मुख्यालय २०१६ चं, स्टोनब्रायर मॉल २००० चा. शहराने विक्रीकरातला डॉलरमागे अर्धा-अर्धा सेंट बाजूला काढून त्यातून उद्योग आणि बागा-मैदानं आणली, असा एकूण हिशोब आहे. तो तुम्हाला शहराच्या कुठल्याही चकचकीत पत्रकात वाचायला मिळेल, म्हणून मी त्यात फार शिरत नाही.

मला हे शहर कळलं ते पत्रकातून नाही, भिंतीच्या भेगेतून.

आम्ही लेबनॉन रोडच्या जवळ घर घेतलं. जुनं घर, म्हणजे इथल्या भाषेत जुनं, २००३ चं. तिसऱ्या उन्हाळ्यात देवघराच्या कोपऱ्यातल्या कपाटाचं दार लागेना. आधी वाटलं लाकूड फुगलं असेल. पण टेक्ससच्या ऑगस्टमध्ये लाकूड फुगायला हवेत ओल कुठे? मग दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून ड्रायवॉलला तिरपी भेग गेली. आधी केसाएवढी, मग त्यात पोस्टकार्ड जाईल एवढी. बाहेर अंगणात पाहिलं तर घराचं काँक्रीट आणि माती यांच्यात चांगली दोन बोटं फट पडली होती आणि पलीकडे जमिनीला भेगाच भेगा.

त्या भेगा मी ओळखल्या. चैत्र-वैशाखात आमच्या वावरात अशाच पडतात. लहानपणी त्यात काठी घालून किती खोल जाते ते बघायचा आमचा खेळ होता, आणि आजी ओरडायची की साप असतो. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन जवळ घेतला आणि म्हणाले, “अगं, ही तर आपली काळी आहे! भारी जमीन दिसते. काय पिकतं तिथं?”

मी म्हटलं, “बाबा, इथे घरं पिकतात.”

“काळीत घरं?” ते म्हणाले. “कोणी बांधली?”

हा प्रश्न अमेरिकेतल्या कुठल्या बिल्डरला कोणी विचारला असेल असं वाटत नाही, पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तो पहिल्यांदा सुचतो. आपल्याकडे गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गाव पांढरीवर बसवायचं आणि काळी पिकाला ठेवायची, हे जुन्या माणसांना कुठल्या अभियंत्याने सांगितलं नव्हतं. काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं असतात. नववीच्या मुलांना मी ‘माँटमोरिलोनाइट’ हा शब्द तीनदा म्हणायला लावायचे. पाणी मिळालं की ही माती फुगते, वाळली की आक्रसते आणि फाटते. वरची भुसभुशीत माती भेगांत पडते, खालची वर येते, म्हणून ती स्वतःच नांगरली जाते असं आम्ही शिकवत असू. पिकाला हे वरदान. घराला मात्र वर्षातून दोनदा कोणीतरी खालून उचलून खाली ठेवल्यासारखं होतं. म्हणूनच आपल्याकडे काळीवर बांधायची वेळ आलीच तर आधी माती उकरून काढतात आणि मुरूम भरतात.

टेक्ससमधली ही काळी माती ब्लॅकलँड प्रेरी नावाच्या पट्ट्यातली. पट्टा पार सॅन अँटोनियोपासून वर रेड नदीकडे जातो, आणि डॅलस, प्लेनो, फ्रिस्को, मकिनी सगळी त्यावर. ‘ह्यूस्टन ब्लॅक’ ही टेक्ससची राज्य-मृदा आहे. राज्य पक्षी असतो तशी इथे राज्य मातीही असते हे मला फार आवडलं. आपली रेगूर बेसाल्ट झिजून झाली, ही समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीच्या आणि चिखलाच्या थरांतून झाली. आई वेगळी, पण स्वभाव एक. पीकही एक, कापूस. एके काळी माणसाच्या उंचीच्या ब्लूस्टेम गवताचं हे माळरान होतं. नांगर आला, कापूस आला, मग घरं आली. मूळ गवताळ रान आता शेकड्याला एकसुद्धा उरलेलं नाही.

मग उपाय काय? घराला पाणी घालायचं! नव्याने आलेल्यांना ही थट्टा वाटेल, पण इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. घराच्या पायाच्या कडेने, फूट-दीड फुटावर सोकर होज म्हणजे बारीक भोकांचा पाझरणारा पाइप टाकायचा आणि उन्हाळाभर थोडं थोडं पाणी सोडायचं, म्हणजे माती एकदम आक्रसत नाही. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. संध्याकाळी मी नळ सुरू केला की त्या खुर्ची टाकून बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, “लोक घरादारावर पाणी सोडून अमेरिकेला येतात, तू इथे येऊन घराला पाणी घालतेस.” मग दोघी हसत बसलो. त्यांनी त्याच पाइपच्या कडेला अंबाडी लावली. अशी फोफावली की शेजारच्या तेलुगू वहिनी पिशवी घेऊन यायला लागल्या.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. पाया दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला, लेव्हल लावून घरभर फिरला आणि सोळा पिअर घालावे लागतील म्हणाला. काँक्रीटखाली खांब ठोकून घर जॅकवर उचलायचं. आकडा ऐकून नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. पैशाचा प्रश्न होताच, पण खरा प्रश्न दुसरा होता आणि तो इथे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरचा आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही कुठे आहोत हे विचारू नका. माझा व्हिसा असा की पगारी काम करता येत नाही, आणि नवऱ्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस. ज्या घरात पुढच्या वर्षी असू की नाही ठाऊक नाही, त्याच्या पायात एवढा पैसा घालायचा का? त्या आठवड्यात आमच्यात यावरून बरंच बोलणं झालं. काही बोलणं मुलगी झोपल्यावर, हळू आवाजात.

शेवटी एका स्वतंत्र इंजिनिअरला दाखवलं. त्याचं काही विकायचं नव्हतं, म्हणून त्याने शांतपणे सांगितलं की आधी वर्षभर पाणी नीट द्या, उतार सुधारा, पन्हळीचं पाणी पायापासून दूर सोडा, मग बघू. शेताचा बांध दुरुस्त करावा तसं मी ते केलं. हिवाळ्याच्या पावसानंतर कपाटाचं दार आपोआप लागायला लागलं. भेग आहे तिथेच आहे, उन्हाळ्यात उघडते, पावसाळी दिवसांत मिटते. तिच्या शेजारी भिंतीवर मी पेन्सिलने तारखा लिहिते. माजी शिक्षिकेची खोड.

त्या तारखा लिहिता लिहिताच मी या गावाचं जुनं वाचायला लागले, आणि मुलांच्या त्या ‘इतिहास: नाही’चं उत्तर आमच्याच रस्त्याच्या पाटीवर निघालं.

लेबनॉन रोड हे नाव कुठून आलं? मला वाटायचं, असेल एखाद्या बिल्डरच्या डोक्यातून. इथे रस्त्यांना इटलीतल्या खेड्यांची नावं असतात, तसंच हे. पण लेबनॉन नावाचं खरंच गाव होतं. आपण दिवसातून चारदा ज्या प्रेस्टन रोडवर सिग्नलला थांबतो, तो रस्ता मुळात मूलनिवासींची जुनी वाट. पुढे एकोणिसाव्या शतकात हीच वाट शॉनी ट्रेल झाली. लांब शिंगांची गुरं हाकत टेक्ससचे लोक मिसूरीच्या बाजारापर्यंत न्यायचे, ते याच वाटेने. रेड नदीवरचं प्रेस्टन गाव, ज्याच्यावरून रस्त्याला नाव पडलं, ते आता टेक्सोमा धरणाच्या पाण्याखाली आहे. (जायकवाडीच्या पाण्याखालच्या गावांची आठवण मराठवाड्याच्या माणसाला येणारच.) या वाटेवर टेनेसीतल्या लेबनॉनहून आलेल्या लोकांनी वस्ती केली आणि तिला जुन्या गावाचं नाव दिलं. परदेशात येऊन आपल्या गावाचं नाव नव्या जागेला द्यायचं! आपण ते ‘पुणेरी मिसळ’पुरतं करतो, त्यांनी अख्ख्या गावाला केलं.

गुरांची वाट उंचवट्याच्या कण्यावरून जायची, कारण तिथे ओढे ओलांडावे लागत नाहीत आणि चिखल कमी. म्हणजे वाटही उंचवट्यावर आणि लेबनॉनही उंचवट्यावर. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे आली. वाफेच्या इंजिनाला थोड्या थोड्या मैलांवर पाणी लागतं, आणि उंचवट्यावर पाणी नव्हतं. म्हणून रेल्वेने स्टेशन टाकलं ते पश्चिमेला सुमारे चार मैलांवर, सखल भागात. रेल्वेच्या उपकंपनीने जमीन घेऊन १९०२ साली तिचे प्लॉट पाडले आणि लिलाव केला. त्या उपकंपनीचं नाव काय असावं? ब्लॅकलँड टाउनसाइट कंपनी. नाव वाचून मी बाबांना लगेच फोन लावला. काळीत घरं कोणी बांधली, या त्यांच्या प्रश्नाला नावानिशी उत्तर मिळालं होतं, तेही सव्वाशे वर्षांपूर्वीचं.

गावाचं नाव आधी इमर्सन ठरत होतं. टपाल खात्याने ते नाकारलं, कारण टेक्ससमध्ये दुसरीकडे तशाच उच्चाराचं गाव होतं. मग रेल्वेचंच नाव घेतलं. सेंट लुइस–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेला लोक ‘फ्रिस्को’ म्हणायचे. ही रेल्वे सॅन फ्रान्सिस्कोला कधी पोहोचलीच नाही, तो भाग वेगळा. आपल्याकडेही पुढचं स्टेशन नावात लावून मागेच थांबलेल्या योजना कमी नाहीत.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. रेल्वे आपल्याकडे येत नाही हे पाहून लेबनॉनच्या लोकांनी काय केलं? ते फ्रिस्कोला गेले. घरं विकून नाही, घरं घेऊन! लाकडी घरं ओंडक्यांवर ठेवून लोटत, ओढत नव्या गावात आणली. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. उंचवट्यावरचं घर, खाली ओंडके, पुढे खेचरं, आतमध्ये बहुतेक भांडी एकमेकांवर वाजताहेत, आणि मागून कोणी बाई शेवटचा ओंडका पुढे आणून देत चालली आहे. खेचरं आणि ती बाई माझ्या मनातली, पण ओंडके खरे. मागे राहिलेलं लेबनॉन हळूहळू विरून गेलं. आता ते फ्रिस्कोच्या हद्दीत आहे आणि रस्त्याच्या पाटीवर उरलं आहे.

मी एका शनिवारी मुलांना हेरिटेज सेंटरला नेलं. तिथे लेबनॉनचं जुनं बॅप्टिस्ट चर्च आणून ठेवलं आहे, एका खोलीचं, पांढऱ्या फळ्यांचं. ‘इतिहास: नाही’वाल्या मुलाने चर्चच्या पायरीवर बसून विचारलं, “मावशी, मग घर हलवताना ते लोक आतच झोपायचे का?” मला उत्तर माहीत नव्हतं आणि तो प्रश्न मला फार आवडला. दुसरीने विचारलं, “त्यांना नवीन शाळेत ॲडमिशन लगेच मिळाली का?” तिचे आई-वडील त्या महिन्यातच प्रॉस्परला घर बघत होते.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक आजी राहतात. इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या याच भागातल्या. फ्रिस्कोत त्या लहान असताना कापसाच्या जिनिंगचा हंगाम असायचा आणि वाऱ्याने तारांना कापूस अडकायचा, असं त्या सांगतात. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे परभणीत अजूनही रस्त्याकडेच्या बाभळीला असाच कापूस लटकतो, ट्रॅक्टर जाऊन आला की. त्यावर त्यांनी मला वेचणीचं विचारलं. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात का? फाटतात म्हटलं. त्यांनी आपली बोटं वर करून दाखवली. दोन बायका, दोन खंडांतल्या, आणि ओळख पटली ती बोटांवरून.

मागच्या हिवाळ्यात वस्तीच्या सभेत एक गृहस्थ म्हणाले की ‘ही मंडळी’ येण्याआधी हे शांत गाव होतं. नाव कोणाचं घेतलं नाही, पण खोलीत निम्मे आपण होतो, त्यामुळे घ्यायची गरज नव्हती. मला बोलायचं होतं, शब्द जुळेनात. कोपऱ्यावरच्या आजींनी मागून विचारलं, “तू कधी आलास?” ते म्हणाले, २०११ ला, ओहायोहून. आजी म्हणाल्या, “तू आलास तेव्हा आम्हीही हेच म्हणत होतो.” लोक हसले. मी मात्र घरी येईपर्यंत हसले नाही. कारण आजींच्या बोलण्याची दुसरी बाजू अशी की त्याही ते म्हणत होत्या. आणि त्यांच्या पणजोबांना नांगर धरलेला पाहून गवताळ रानातली कोण माणसं काय म्हणाली असतील, ते तर कुठे लिहिलेलंच नाही. १९९० चे सहा हजार आणि २०२० चे दोन लाख हे आकडे शेजारी ठेवले, की इथे जुनं कोण आणि नवं कोण हा वाद मला तरी पोकळ वाटतो. पण गणिताने कोणाचा राग जात नाही, हेही शाळेत शिकवून कळलेलं आहे.

सगळाच इतिहास ओंडक्यांवरच्या घरासारखा गोडही नाही. जुन्या गावठाणाजवळ १९६४ पासून जुन्या बॅटऱ्यांतून शिसं काढणारा कारखाना होता. गाव लहान होतं तेव्हा त्याने रोजगार दिला. गाव वाढत त्याच्या कुंपणापर्यंत आलं, हवेतल्या शिशाचे नियम कडक झाले, हा भाग त्या मापात बसेना, आणि नागरिक उभे राहिले. २०१२ च्या शेवटी कारखाना बंद झाला. त्यानंतर माती साफ करायलाच वर्षं गेली. शहराला मधोमध मोठी बाग हवी होती, ग्रँड पार्क, ती त्यामुळे रखडली. तिची पहिली पायवाट २०२३ च्या शेवटी खुली झाली. तिला नाव दिलंय बिग ब्लूस्टेम ट्रेल. त्याच गवताचं नाव, जे नांगराने घालवलं. मी तिथे फिरायला जाते. सासूबाईंना तिथलं गवत पाहून शेळ्या आठवल्या.

आता ताजं. मे २०२५ मध्ये नाट्यगृहावर मतदान झालं. शहराने मोठं नाट्यगृह बांधावं की नाही, याचा कौल मागितला होता आणि लोकांनी नाही म्हटलं. कराचा पैसा, वाहतूक, आणि एवढं मोठं हवंच कशाला, अशी कारणं होती. मला वाईट वाटलं. आपल्या मंडळाचं नाटक शाळेच्या सभागृहात होतं, नेपथ्य रात्री अकराच्या आत काढावं लागतं आणि मेकअप विज्ञानाच्या वर्गात. पण मला मत नाही. कर आहे, मत नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, आहे ते असं आहे.

दुसरी बातमी जास्त जवळची. वीस वर्षं दरवर्षी नव्या शाळा उघडणाऱ्या फ्रिस्कोच्या शाळा-जिल्ह्यात मुलांची संख्या आता कमी होऊ लागली आहे, आणि गावातली एक जुनी मिडल स्कूल बंद करण्याचा निर्णय झाला. कारण सरळ आहे. घरांच्या किमती अशा झाल्या की लहान मुलं असलेली कुटुंबं आणखी उत्तरेला जातात. प्रॉस्पर, सेलायना, पूर्वेला प्रिन्स्टन. २०२३ साली वाढीत देशात पहिला नंबर सेलायनाचा, २०२४ साली प्रिन्स्टनचा. माझ्या रविवारच्या वर्गातल्या चौदापैकी तिघं या वर्षी तिकडे गेली. तीही काळ्या मातीवरचीच गावं आहेत. जाणाऱ्या तिन्ही आयांना मी सोकर होजचं दुकान सांगितलं आणि घर घेताना दाराच्या वरचे कोपरे बघा म्हटलं.

या वर्षीच्या वर्गाला मी प्रकल्प बदलून दिलाय. ‘आपल्या रस्त्याचं नाव कुठून आलं ते शोधा.’ पहिल्याच आठवड्यात एका मुलीने हात वर केला. तिचा रस्ता खरोखरच बिल्डरच्या मुलीच्या नावावर होता, म्हणजे तिच्या आईने ऑफिसात फोन करून विचारून घेतलं होतं. बाकीच्यांची उत्तरं दिवाळीनंतर यायची आहेत. आमच्या भिंतीवरची पेन्सिलची शेवटची तारीख सप्टेंबरची आहे. त्यानंतर दोनदा चांगला पाऊस झाला.